ओरखडा गाडीला की मानाला?



जुनी गाडी बघायला गेल्यावर आपण बायका आधी काय बघतो? रंग. दाराशी वाकतो, बोट फिरवतो, "अगंबाई, इथं घासलंय की!" म्हणतो, आणि तिथंच निकाल लागतो. इंजिन सुरू करून बघायचंही राहून जातं. आज मी याच सवयीविरुद्ध लिहिणार आहे, आणि स्पष्टच लिहिणार आहे. रंग खरवडलेली पण आतून धडधाकट गाडी नाकारण्याला आपण चोखंदळपणा म्हणतो. तो चोखंदळपणा नाही, तो मान कषाय आहे. आणि तीच गाडी वरून रंगवून "अगदी नव्यासारखी" म्हणून मिरवणं किंवा विकणं ही माया आहे. दशलक्षण पर्वात दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव आणि तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव यांवर प्रवचन ऐकून आपण माना डोलावतो. गाडीच्या व्यवहारात मात्र दोन्ही एकाच दुपारी गुंडाळून ठेवतो.

आमच्या महिला मंडळातल्या एका सुनेचं उदाहरण घ्या. घरात दोन लहान मुलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि गाडी बहुतेक वेळा तीच चालवणार. दोन गाड्या बघितल्या. पहिली २०१९ सालच्या शेवटची, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगच्या सगळ्या नोंदी असलेली. पण बॉनेटवरचा रंग उन्हानं पापुद्र्यासारखा सुटलेला, मागचा बंपर कोपऱ्यात घासलेला आणि डाव्या दारावर हातभर रेघ. दुसरी २०१५ ची, आरशासारखी चकचकीत, आणि किंमत पहिलीपेक्षा चाळीस हजारांनी जास्त. घरात बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, "बस्तीसमोर लावायची आहे गाडी, चार लोक बघतात." झालं. चकचकीत गाडी घरी आली. त्या गाडीत एकही एअरबॅग नव्हती आणि एबीएस ब्रेकही नव्हते. दोन लेकरं मागं बसणार, आणि हे कुणी विचारलंसुद्धा नाही. रंग मात्र चौघांनी तपासला होता.

एबीएस आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, आणि चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. म्हणजे जुन्या गाडीच्या बाजारात २०१९ हे साल रंगापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. पण ते साल दारावर चमकत नाही, कागदावर असतं. आपल्याला कागद वाचायचा कंटाळा आणि चमक बघायची हौस. प्रमाद म्हणजे दुसरं काय असतं? हिंसेचं मूळ प्रमादात आहे हे आपण पाठशाळेत शिकलो. गुळगुळीत टायर, उशिरा लागणारे ब्रेक आणि एअरबॅगविना धावणारी गाडी ही प्रमादाची चालती मूर्ती आहे. बंपरवरच्या ओरखड्यानं आजवर एक मुंगीही मेलेली नाही.

आता त्या रंगाबद्दलच बोलू, कारण न कळणाऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. कारखान्यात पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर देतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीइतकी. एवढ्याशा पापुद्र्यावर आपण लाखो रुपयांचा निर्णय टांगून ठेवतो.

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर इजा वरच्या पारदर्शक थरापुरती आहे. पॉलिशनं बरीचशी जाते. नख अडकलं आणि खाली राखाडी दिसतं, तर रंग गेला पण प्रायमर शाबूत आहे. टच-अपच्या छोट्या बाटलीनं तो झाकता येतो, आणि नाही झाकला तरी आभाळ कोसळत नाही. बंपर घासलेला असेल तर तो बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो, त्याला गंज चढतच नाही. बॉनेट आणि टपावरचा पापुद्रा सुटलेला असेल तर ती गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. दिसायला वाईट, पण चालायला काही अडचण नाही.

घाबरायचं कधी? ओरखड्याच्या तळाशी तांबूस गंज दिसला तर. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या वरच्या कमानीत किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात रंगाखाली फुगे आले असतील तर. तिथं गंज आतून बाहेर येतोय, आणि तो रंगानं थांबत नाही. अशी गाडी खुशाल सोडा. ती सोडणं हा मान नाही, तो विवेक आहे. मी काही डोळे मिटून घ्या म्हणत नाही. मी म्हणते, डोळे उघडून योग्य जागी बघा.

आणि सगळ्यात जास्त शंका कशाची घ्यायची सांगू? चकचकीत गाडीची. आपल्या सांगली-कोल्हापूर भागानं २०१९ चा ऑगस्ट पाहिला, २०२१ चा जुलै पाहिला. किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या, आपण डोळ्यांनी बघितलं. पुरात बुडालेल्या गाडीचा रंग फारसा बिघडत नाही. बिघडतं ते वायरिंग, सीटखालचे जोड, एअरबॅगची यंत्रणा, इंजिन. चिखल धुतला, पॉलिश मारलं की ती मांडवातल्या नवरीसारखी उभी राहते. रंगावर भाळणाऱ्याला ती हमखास गळाला लावते. ती ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. सीटच्या रुळांच्या बोल्टना गंज आहे का ते वाकून बघा. बंपरसाठी वाकतोच ना आपण, मग आतही वाकू.

एखादाच भाग नवाकोरा दिसत असेल तर विचारा, का रंगवला? उन्हात उभं राहून शेजारच्या दाराशी छटा जुळते का बघा. रबराच्या पट्टीवर रंगाचे शिंतोडे आहेत का, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्यानं उडालाय का, दाराच्या फटी वरून खालपर्यंत सारख्या आहेत का, हे बघायला मेकॅनिक लागत नाही. पोळीचा काठ जाड-बारीक झाला तर आपल्याला लांबून कळतं, ही तर बोटभर फट आहे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. मूळ रंगापेक्षा आकडा दुप्पट-तिप्पट दाखवला तर पुन्हा रंगवलंय, आणि त्याहून फारच वर गेला तर खाली पुट्टी भरली आहे. यंत्र नसेल तर मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. पुट्टी जाड असेल तिथं त्याची पकड ढिली पडते. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र ते चिकटणारच नाही, तिथं उगाच दचकू नका.

ओरखडा निदान खरं बोलतो. "मी अरुंद बोळात भिंतीला घासले" एवढं तो सांगतो आणि गप्प बसतो. ताजा रंग काहीच सांगत नाही, आणि त्याच कामासाठी तो मारलेला असण्याची शक्यता असते.

इथं धर्माचा प्रश्न येतो, आणि तो विकणाऱ्याचाही आहे. आपल्यातली बरीच घरं व्यापारातली आहेत, गाड्या घेणं-विकणं चालूच असतं. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल भारी म्हणून देणं, खोटं खऱ्यासारखं दाखवून खपवणं. तुपात भेसळ करणाऱ्याला आपण पापी म्हणतो. पुट्टी भरलेल्या दारावर रंग मारून "एकदाही ठोकलेली नाही हो" म्हणणारा त्याच ओळीत बसतो. तो आपला दीर असला तरी, आणि त्यानं पंचकल्याणकात मोठी बोली घेतली असली तरी.

यावर मला एका शहाण्यानं उत्तर दिलं होतं, "दोष झाकणं म्हणजे तर उपगूहन अंग!" वा रे सम्यग्दर्शन! उपगूहन म्हणजे एखादा साधर्मी दुबळेपणानं चुकला तर त्याची आणि मार्गाची निंदा होऊ न देणं. स्वतःच्या मालाचा दोष झाकून साधर्म्याचेच पैसे काढणं याला उपगूहन म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. शास्त्रातला शब्द स्वतःच्या सोयीनं वाकवणं मला त्या वाकलेल्या पत्र्याहून जास्त खुपतं. पत्रा निदान ठोकून सरळ होतो.

आणखी एक गोड आमिष असतं. गॅरेजवाला कानाशी लागून सांगतो, "ताई, घेऊन तर टाका, मग हे सगळं विम्यात बसवून देतो." म्हणजे मागच्या मालकाच्या काळातला ओरखडा आपल्या नावावर आजचा अपघात म्हणून लिहायचा, आणि खाली सही आपण करायची. रोज देवदर्शन केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या बायका या सहीला "सगळेच करतात" म्हणून मान्यता देतात. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, हे काय मोगलांच्या दरबारातल्या कारकुनांसाठी सांगितलं आहे का? त्या अर्जावरची आपली सही हाच तो खोटा लेख. शिवाय व्यवहारानंही ते तोट्याचंच. वर्षभर दावा न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. एका खोट्या ओरखड्यासाठी तो घालवायचा, आणि वर कर्माचा बंध वेगळाच.

आता "लोक काय म्हणतील" कडे येऊ, कारण सगळ्याचं मूळ तिथंच आहे. बाह्य परिग्रह दहा सांगितले आहेत, त्यात यान म्हणजे वाहन आहे. अंतरंग परिग्रह चौदा, त्यात मान आहे. गाडी घेतली की एक परिग्रह घरात येतो. गाडीच्या चमकेचा मान धरला की दुसरा येतो. पहिल्याला निदान चार चाकं आहेत, सासूबाईंना दवाखान्यात तरी नेतो. दुसरा नुसता डोक्यावर बसतो आणि हप्ते भरायला लावतो. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाचे जे अतिचार सांगितले, त्यात 'विस्मय' आहे. दुसऱ्याचं वैभव बघून डोळे विस्फारणं आणि मनात खट्टू होणं. जाऊबाईंची नवी गाडी दारात आली त्या दिवशी आपल्याला आपल्या गाडीवरचे ओरखडे मोठे दिसू लागतात. ओरखडे वाढलेले नसतात, विस्मय वाढलेला असतो.

त्या विस्मयाची किंमतही मोजा. ओरखड्याची जुनी गाडी नको म्हणून नवी घेतली आणि त्यासाठी तीन लाख रुपये दहा टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,३७४ रुपये आणि पाच वर्षांचं व्याज ८२,००० रुपयांच्या वर. म्हणजे शेजारणीनं वाकडं तोंड करू नये म्हणून आपण दरमहा जवळजवळ साडेसहा हजार भरायचे. तेवढ्यात एका मुलीचं वसतिगृहाचं शुल्क निघालं असतं. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवण मिळावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. त्या माउलीला लोक काय म्हणाले असतील याचा विचार करा, आणि मग आपल्या हातभर रेघेकडे बघा.

आणि ज्यांच्या दर्शनाला आपण ही गाडी घेऊन जातो, ते मुनिमहाराज पायी विहार करतात. हातात पिंछी आणि कमंडलू. त्यांनी आजवर कुणाच्या बंपरकडे बघून आशीर्वाद कमी केलेला नाही. गाडीची चौकशी होते ती चौक्याबाहेर, आणि ती करणाऱ्याही आपणच.

दोन आक्षेप रास्त आहेत, त्यांना टाळून चालणार नाही. पहिला असा, की ज्यानं रंग सांभाळला नाही त्यानं इंजिन काय सांभाळलं असेल? कधीकधी हे खरंच असतं. म्हणून तर सर्व्हिसिंगच्या नोंदी मागायच्या, तेलाची पट्टी ओढून बघायची, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावायचं, आणि एक-दोनशे रुपयांकडे न बघता ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यायचं. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे सगळं चोख असेल तर बोळातल्या ओरखड्यावरून मालकाचं चारित्र्य ठरवू नका. दुसरा आक्षेप, पुढं विकताना भाव मिळणार नाही. अहो, घेताना आपण त्याच कारणानं कमी दिला की! कमी घेऊन कमीला विकली तर तोटा कसला? एका-दोन गॅरेजमधून रंगाच्या खर्चाचा अंदाज आणा, तो किमतीतून वजा करून मागा. यात लाजण्यासारखं काही नाही. तो पैसा रंगावर घालायचाच असं मात्र कुणी सांगितलेलं नाही. आधी टायर, आधी ब्रेक. उरलं तर रंग.

तिसरा आक्षेप मी रास्त धरत नाही, तरी तो सारखा ऐकू येतो. "घासलेली गाडी म्हणजे अपशकुनी, काहीतरी झालेलं असणार." मैत्रिणींनो, याला लोकमूढता म्हणतात. णमोकार मंत्र म्हणायचा आणि बंपरला लिंबू-मिरची बांधायची, हे दोन्ही एकाच घरात शोभत नाही. काही झालेलं आहे का ते विम्याच्या दाव्यांच्या नोंदीत आणि पत्र्याच्या जोडात सापडतं, शकुनात नाही.

बघायचंच असेल तर आपल्या धर्माच्या नजरेनं बघा. आसनांवर किंवा स्टिअरिंगवर खरं चामडं आहे का, हे कितीजणींनी विचारलं? पर्समध्ये चामडं नको, चप्पल विचारून घ्यायची, आणि रोज ज्या चाकावर दोन्ही हात ठेवायचे त्याची चौकशी नाही. ओरखडा दिसला आणि चामडं दिसलं नाही, तर आपली नजर नक्की कुणी घडवली? धर्मानं की जाहिरातीनं?

गाडी ठरली की कागद मात्र कडक बघा. मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५. थकलेली चलनं. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते, तिथं "बघू नंतर" नको. अर्धवट कागदांची चकचकीत गाडी ही ओरखड्याच्या गाडीपेक्षा शंभरपट कुरूप असते, आणि तो कुरूपपणा पोलिसांनी अडवल्यावरच दिसतो.

आणि पुढं कधी तुम्हीच ती गाडी विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईक विचारायच्या आधी त्याला मागच्या बंपरपाशी न्या. "हे इथं घासलंय. बॉनेटचा रंग उन्हानं गेलाय. हे दार एकदा बदललंय." एवढं तीन वाक्यांत सांगा आणि मग किंमत सांगा. दोन-पाच हजार कमी येतील कदाचित. येऊ देत. जैन बाईकडून गाडी घेतली, तिनं सगळं आधीच सांगितलं, असं तो माणूस चार ठिकाणी बोलेल. प्रभावना अंग म्हणजे नुसते रथ आणि बॅनर असतात असं कोण म्हणतं?

जय जिनेंद्र.